जर्मनीतून नेदरलँड्समध्ये राहायला जाताना: कागदपत्रांपासून कॉफीपर्यंत

जर्मनीत तीन-चार वर्षं काढलेला माणूस नेदरलँड्सला निघताना निर्धास्त असतो. चलन तेच, शेंगेन तेच, भिंतीतला प्लगही तोच. घोळ नेमका इथेच होतो. भारतातून थेट येणारा प्रत्येक गोष्ट विचारून करतो. जर्मनीतून येणारा मात्र जर्मनीच्या सवयीने करत राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी टपालात एखादं निळं पाकीट पडलं की खडबडून जागा होतो. निळं पाकीट म्हणजे डच आयकर खातं. आइंडहोव्हन, आम्स्टलव्हेन, द हेग या भागांत जर्मनीतून येणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत, म्हणून कामं ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने इथे दिली आहेत. उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

पायरी १: सही करण्याआधी नकाशा उघडा

जर्मन ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) किंवा राहण्याचा परवाना नेदरलँड्समध्ये कामाचा हक्क देत नाही. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, एवढंच. कामासाठी डच परवाना लागतो. उच्चकुशल कर्मचारी म्हणून जाणार असाल, तर अर्ज कंपनी करते आणि त्यासाठी ती आयएनडी या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते. मुलाखतीतच हे विचारून घ्या. जर्मन ब्लू कार्डाला बारा महिने झाले असतील, तर डच ब्लू कार्डाची वाट थोडी सोपी होते. परवाना हातात येण्याआधी कामाला सुरुवात करू नका, घरून लॅपटॉपवरसुद्धा नाही.

आता पैशाचा सगळ्यात मोठा मुद्दा. परदेशातून बोलावलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग जास्तीत जास्त पाच वर्षं करमुक्त ठेवता येतो. २०२७ पासून हा आकडा २७ टक्के होणार आहे. अट अशी, की कामाच्या पहिल्या दिवसाआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा दूर राहिलेले असायला हवं. हे अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. म्हणजे म्युनिक, स्टुटगार्ट, बर्लिन, हॅम्बुर्ग, फ्रँकफर्टवाले बसतात; आखेन, कलोन, ड्युसेलडॉर्फ, डॉर्टमुंड, म्युन्स्टर, ब्रेमेनवाले बसत नाहीत. ड्युसेलडॉर्फहून येणाऱ्याने ही सवलत गृहीत धरून पगार मान्य केला, तर दरमहा काहीशे युरोंचा खड्डा पडतो आणि तो नंतर भरून निघत नाही. आणखी दोन अटी: आधी नेदरलँड्समध्ये येऊन राहायचं आणि मग नोकरी शोधायची असं केलं तर सवलत हुकते, करारावर सही बाहेर असतानाच व्हायला हवी. अर्जही रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत गेला, तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो. शिवाय पगाराची किमान मर्यादा असते आणि ती दरवर्षी बदलते.

ऑफर वाचताना ‘८ टक्के सुट्टीभत्ता’ पगारात धरलाय की वेगळा आहे ते बघा. हा भत्ता कायद्यानेच मिळतो, बहुधा मे महिन्यात एकरकमी. जर्मनीत नवरा-बायकोपैकी एकालाच नोकरी असेल तर करवर्ग ३ मुळे हातात बरंच राहतं. डच पद्धतीत दोघांचा कर स्वतंत्र मोजतात. त्यामुळे एकाच्या पगारावर चालणाऱ्या घराने ढोबळ पगाराची तुलना करून काहीच हाती लागत नाही. हातात येणारा आकडा काढूनच ठरवा.

पायरी २: जर्मनीतलं आवरणं

जर्मन घराची नोटीस तीन महिन्यांची असते, डच घराची भाडेकरूसाठी साधारण एक महिन्याची. त्यामुळे दुहेरी भाडं दोन महिने तरी पडणार हे धरून चाला. स्वयंपाकघर तुमच्या मालकीचं असेल तर पुढच्या भाडेकरूला विकण्याचा प्रयत्न करा. ते उचलून नेण्यात अर्थ नाही, डच भाड्याच्या घरात ओटा आणि कपाटं बहुधा असतात.

पत्त्याची नोंद रद्द करणं, म्हणजे आबमेल्डुंग, निघण्याच्या आधी एक आठवड्यापासून निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. त्याचा कागद जपून ठेवा. आरोग्य विमा, इंटरनेट, टीव्ही-रेडिओ शुल्क, सगळं बंद करताना हाच कागद मागतात.

दातांची कामं जर्मनीतच उरकून घ्या. सरकारी जर्मन विम्यात दातांचे साधे उपचार येतात. डच मूळ विम्यात अठरा वर्षांवरच्यांचे दात जवळजवळ येतच नाहीत. फिजिओथेरपीचंही तसंच. चष्मा, त्वचारोगतज्ज्ञ, गुडघ्याचं एमआरआय, जे काही ‘बघू नंतर’ म्हणून राहिलंय तेही करून टाका. कारण पायरी ५ मध्ये कळेल.

बाटल्याही परत करून या. जर्मन ‘फांड’च्या, म्हणजे अनामत भरलेल्या, बाटल्या आणि कॅन डच मशीन घेत नाही, पिशवीभर पंचवीस सेंट वाया जातात.

पायरी ३: घर

जर्मनीत रिकामं घर म्हणजे स्वयंपाकघर नाही आणि छताला दिव्यांऐवजी लोंबणाऱ्या वायरी. नेदरलँड्समध्ये रिकामं घर म्हणजे पायाखाली फरशीच नाही! जाहिरातीत ‘काल’ लिहिलं असेल तर आधीच्या भाडेकरूने लॅमिनेट काढून नेलेलं असतं आणि खाली उघडं सिमेंट असतं. ‘गेस्टोफेर्ड’ म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, फर्निचर नाही. ‘गेम्युबिलेर्ड’ म्हणजे सगळं आहे. साठ चौरस मीटरच्या घरात लॅमिनेट टाकायचं तर सामान आणि मजुरी मिळून हजार-दोन हजार युरो सहज जातात, म्हणून काल घराचं कमी भाडं बघून भुलू नका. शिवाय फ्लॅटमध्ये जमिनीखाली आवाज रोखणारा थर घालणं बहुधा बंधनकारक असतं. तो न घालता लॅमिनेट टाकलं तर खालच्या शेजाऱ्याच्या तक्रारीवरून उपटायला लावतात.

जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. सोफा, वॉशिंग मशीन, दोन दारी कपाट जिन्याने चढत नाही. घरावर पुढे आलेला लोखंडी आकडा दिसतो तो सामान दोराने वर ओढण्यासाठीच. आजकाल बाहेरून लावायची लिफ्ट तासांवर भाड्याने मिळते आणि खिडकीतून सामान आत घेतात. आजी-आजोबा भारतातून येऊन राहणार असतील तर घर बघताना जिना स्वतः चढून-उतरून बघा.

अनामत जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ नंतरच्या करारांना दोन महिन्यांची मर्यादा आहे. घरमालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे दोन्हीकडे भाडेकरूने द्यायचे नसतात. ‘या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही’ असं मालक म्हणाला तर घर कितीही छान असो, सोडून द्या. नोंदणी नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. आणि किल्ली बघण्याआधी पैसे मागणारा, ‘मी सध्या परदेशात आहे’ म्हणणारा मालक हा दोन्ही देशांत भामटाच असतो.

भाड्याशिवाय डच भाडेकरूला वर्षातून एकदा कचरा कर आणि पाणी मंडळाचा कर भरावा लागतो. जर्मनीत यातलं बरंचसं भाड्याच्या जोडखर्चात मिसळलेलं असतं म्हणून जाणवत नाही. इथे वेगळं बिल येतं आणि ते कुटुंबाला काहीशे युरोंचं असू शकतं.

पायरी ४: पहिला आठवडा

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांच्या आत गेमेंटेत, म्हणजे पालिकेत, नोंदणीसाठी कळवायचं असतं. प्रत्यक्ष भेटीची वेळ मोठ्या शहरात उशिरा मिळते, म्हणून ती येण्याआधीच घ्या. तिथे बीएसएन हा नऊ अंकी क्रमांक मिळतो. जर्मनीत कर क्रमांक वेगळा, पेन्शन क्रमांक वेगळा, विम्याचा वेगळा. इथे सगळ्यांना हा एकच.

सोबत पासपोर्ट, परवान्याचं पत्र, भाडेकरार आणि भारतातले जन्म-विवाह दाखले न्या. इथे मराठी माणूस हमखास अडकतो. दाखल्यांवर भारतीय परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा अधिकृत शिक्का, लागतं. जर्मनीत जे चाललं ते इथे चालेलच असं नाही. इंग्रजी, डच, जर्मन किंवा फ्रेंच दाखल्याला भाषांतर लागत नाही. पण ग्रामपंचायतीचा किंवा जुन्या नगरपालिकेचा जन्मदाखला निव्वळ मराठीत असतो आणि पुष्कळदा त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते. असा दाखला असेल तर भारतात असतानाच नाव घालून नवा, इंग्रजी मजकूर असलेला दाखला काढा, मगच अपोस्टील करा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही खर्च पुन्हा.

बीएसएन मिळाला की त्याच दिवशी डिजीडीसाठी, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीसाठी, अर्ज करा. चालू करण्याचा कोड टपालाने, नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. कर, विमा, मुलांचे भत्ते, डॉक्टर, सगळीकडे शिरायची किल्ली हीच. जर्मनीत टपालाच्या पेटीवर आणि बेलवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं, कारण तिथे बहुतेक फ्लॅटना क्रमांकच नसतो. इथे पिनकोड आणि घरक्रमांक एवढ्यावर पत्र येतं, नावाची पाटी कोणी बघत नाही. पण घरक्रमांकापुढचं अक्षर, १४-ए की १४-बी, चुकलं तर कोड शेजाऱ्याकडे जातो.

पायरी ५: डॉक्टर

जर्मनीत विम्याचा हप्ता पगाराच्या टक्केवारीत कापला जातो आणि बिनपगारी जोडीदार, मुलं त्याच विम्यात फुकट येतात. डच विमा प्रत्येक प्रौढाने स्वतः विकत घ्यायचा, महिना दीडशे युरोंच्या आसपास. मुलं अठरापर्यंत फुकट. म्हणजे घरी असलेल्या जोडीदाराचाही वेगळा हप्ता. चार महिन्यांची मुदत असते म्हणून थांबून पैसे वाचवण्याचा विचार करू नका: विमा नोंदणीच्या किंवा कामाच्या तारखेपासून मागे जाऊन लागतो आणि सगळ्या महिन्यांचा हप्ता एकदम भरावा लागतो. शिवाय वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून. फॅमिली डॉक्टरची भेट मात्र त्यात धरत नाहीत; रक्ततपासणी आणि औषधं धरतात.

खरा धक्का वेगळाच. जर्मनीत कान दुखला की थेट कानाच्या डॉक्टरकडे फोन करता येतो. इथे सगळं हाउसआर्ट्स नावाच्या फॅमिली डॉक्टरमार्फत. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ भेटत नाही, बालरोगतज्ज्ञसुद्धा नाही. पत्ता मिळताच जवळच्या हाउसआर्ट्सकडे नाव नोंदवा. ‘नवे रुग्ण घेत नाही’ असं उत्तर मिळालं तर विमा कंपनीला शोधून द्यायला सांगा.

फोनवर आधी सहायिका बोलते आणि ती प्रश्न विचारते. ही चौकशी म्हणजे आगाऊपणा वाटून लोक चिडतात. तो तपासणीचाच भाग आहे. ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणालात तर पॅरासिटामॉल आणि आराम हेच उत्तर येईल. त्यापेक्षा असं सांगा: ताप कधीपासून, आकडा किती, पॅरासिटामॉल किती वेळा घेतलं, पाणी पितोय का, लघवी होतेय का, मधुमेह किंवा दमा आहे का. भेट दहा मिनिटांची असते, एका भेटीत एक तक्रार. दोन असतील तर दुप्पट वेळ आधीच मागा. डॉक्टर शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणाला तर तो गोंधळलेला नाही, तुमची भीती नेमकी कशाची आहे ते त्याला हवंय. ‘घरात या वयात हृदयविकाराचा इतिहास आहे’ हे तिथे बोला. गप्प बसलात तर सगळं ठीक आहे असं धरलं जातं. रात्री-सुट्टीच्या दिवशी हाउसआर्ट्सपोस्ट, आधी फोन करून. जीवावर बेतलं तर दोन्ही देशांत ११२.

आजारी पडलात तर जर्मनीत तीन दिवसांपेक्षा जास्त रजेला डॉक्टरांचा दाखला लागतो. इथे सकाळी ऑफिसला कळवायचं, बस्स. काय झालंय हे विचारण्याचा कंपनीला हक्क नाही आणि हाउसआर्ट्स दाखला देत नाही. लांबलं तर कंपनीचा डॉक्टर बोलावतो. लहान मुलांची लसीकरणं आणि वजन-उंची चार वर्षांपर्यंत सरकारी बालकेंद्रात फुकट होते, तिथे जर्मन पिवळं लसपुस्तक न्या. बाळंतपण असेल तर ‘क्रामझोर्ख’ची नोंदणी गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच करा. बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर प्रशिक्षित बाई रोज घरी येऊन आई-बाळाचं बघते. जर्मनीत सुईण भेट देऊन जाते, इतका वेळ थांबत नाही.

पायरी ६: मुलं

पाळणाघर हा दुसरा खर्चाचा धक्का आहे. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी ते स्वस्त किंवा फुकट असतं. इथे तासाला दहा युरोंच्या वर दर असतो आणि सरकारी परतावा सहसा दोघंही पालक काम करत असतील तरच मिळतो. बालभत्ता जर्मनीत २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो होता. डच भत्ता तिमाहीला मिळतो आणि लहान मुलासाठी तीनशेच्या आत असतो.

शाळेत मूल चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास जातं, वर्षाच्या मधेच. पाचव्या वर्षापासून सक्ती. चांगल्या शाळांना प्रतीक्षायादी असते. दोन्ही देशांत सुट्टीखेरीज शाळा बुडवून भारतात जाणं दंडपात्र आहे, डिसेंबरात पाच आठवडे हा बेत विसरा. डच शाळेत धार्मिक सणासाठी एका दिवसाची रजा मिळते. दिवाळीला आधी लेखी कळवून ती घेता येते. आणि पोहण्याचा ‘ए’ डिप्लोमा मनावर घ्या. घरापुढे कालवा असणाऱ्या देशात तो छंद नाही. वर्गांना प्रतीक्षायादी असते, म्हणून नाव लवकर टाका.

पायरी ७: रस्ता आणि रेल्वे

जर्मनीत तिकीट काढून चढलं की झालं. इथे चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. बँकेचं कार्डही चालतं. उतरताना विसरलात तर रेल्वेत २० युरो कापले जातात, ते नंतर ऑनलाइन परत मागता येतात. जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे गाडी बदलताना कंपनी बदलली, समजा एनएसमधून आरिव्हात गेलात, तर फलाटावर एका कंपनीच्या खांबावर कार्ड टेकवून बाहेर पडायचं आणि दुसरीच्या खांबावर टेकवून आत यायचं असतं. ज्यांनी ६३ युरोंच्या जर्मन मासिक तिकिटावर देशभर भटकंती केली, त्यांना डच रेल्वे महाग वाटेल. इथे गर्दीची वेळ सोडून ४० टक्के सवलत देणारी वर्गणी घ्या.

सायकलला दोन कुलपं लावा: चाकाचं एक आणि खांबाला साखळीचं एक. सायकल चालवताना हातात फोन धरण्याला २०१९ पासून बंदी आहे. गाडी चालवणाऱ्याने रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण नीट बघावेत. टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. उजवीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ द्यायचं. मान वळवून मागे बघितल्याशिवाय वळू नका. जर्मन लायसन्स इथे चालतं. भारतीय लायसन्स नोंदणीपासून १८५ दिवस. नंतर परीक्षा, मात्र पायरी १ मधली ३० टक्क्यांची करसवलत मिळालेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला परीक्षेशिवाय बदलून मिळतं.

जर्मनीला गाडीने किंवा ट्रेनने मित्रांकडे जाताना पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने या सीमेवरही तपासणी सुरू केली. आणि मे महिन्याच्या एक तारखेला किंवा गुड फ्रायडेला व्हेन्लो, रुरमॉन्ड या सीमेजवळच्या डच शहरांत खरेदीला जाऊ नका. जर्मनीत सुट्टी, दुकानं बंद. अर्धं र्‍हाइनलँड तिथेच आलेलं असतं.

पायरी ८: माणसं

रोख पैसे घेऊन बेकरीत जायची जर्मन सवय इथे अडेल. अनेक दुकानांवर ‘फक्त कार्ड’ असं लिहिलेलं असतं. रोख घेतात तिथे बिल पाच सेंटांपर्यंत पुढे-मागे करतात. एक आणि दोन सेंटांची नाणी कोणी घेत नाही. मित्रांनी एकत्र जेवण केलं की रात्री फोनवर ‘टिक्की’ येते, म्हणजे तुमच्या वाट्याचे पैसे भरण्याचा दुवा. चार युरोंचीही येते. त्यात अपमान नाही, त्याच दिवशी भरून टाका.

ऑफिसात आडनावाने हाक मारणं विसरा, मोठ्या साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारायची. जर्मन बैठकीत तयारी करून आलेला मुद्दा साहेब ठरवतो आणि मग तो पाळला जातो. डच बैठकीत सगळ्यांचं मत घेतल्याशिवाय काही ठरत नाही, आणि ठरलेलं पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडलं जाऊ शकतं. शांत बसणाऱ्याची संमती धरतात. दुपारी गरम जेवणाची जर्मन कॅन्टीन-परंपरा इथे फारशी नाही: ब्रेड, चीज, ताक, वीस मिनिटं, संपलं. तुमचा डबा गरम करायला मायक्रोवेव्ह असेल, पण फोडणीचा वास सगळ्या मजल्यावर फिरेल याची कल्पना ठेवा.

घरी बोलावणं हे दोन-तीन आठवडे आधी वेळ ठरवून. ‘आठ वाजता कॉफीला या’ म्हणजे कॉफी, एक बिस्किट, कदाचित दुसरा कप. जेवूनच जा, तिथे जेवायला मिळेल असं धरू नका. दुपारी चारला बोलावलं तर सहाच्या आधी उठायचं, कारण सहाला ते जेवतात. जर्मन घरात दुपारी केक भरपूर असतो आणि चपला दाराशी काढतात; डच घरात बूट घालून आत येणारे पुष्कळ, म्हणून विचारा. तुम्ही जेवायला बोलावत असाल तर स्पष्ट ‘जेवण’ म्हणा आणि सहाची वेळ द्या, नाहीतर पाहुणे जेवून येतील.

वाढदिवसाच्या शुभेच्छा जर्मनीत आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. नेदरलँड्समध्ये गोल करून बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं: आईचं, भावाचं, शेजारणीचं. संडासात टांगलेलं कॅलेंडर वाढदिवसांचं असतं; त्यावर आपलं नाव दिसलं तर समजा रुळलात. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजतात ते चाचणीचे, घाबरू नका.

खाण्यापिण्याची चिंता कमी. १८७३ पासून सुरीनामला नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आज द हेगमध्ये मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या ‘टोको’ नावाच्या किराणा दुकानांत कारली, दुधी, चवळीच्या लांब शेंगा, हिरव्या मिरच्या ताज्या मिळतात, जर्मनीतल्या बऱ्याच गावांपेक्षा सहज. त्यांची रोटी मात्र आपल्या पोळीसारखी नाही: आत बहुधा वाटलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली असते.

उलट जाणाऱ्यांसाठी

नेदरलँड्सहून जर्मनीला जात असाल तर पहिल्याच दिवशी बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव चिकटवा, पाटी येईपर्यंत कागदावर लिहून का होईना. मालकाकडून राहण्याचं प्रमाणपत्र घ्या. ते नसेल तर पालिकेत नोंदणी होत नाही, आणि ती दोन आठवड्यांत करायची असते. स्वयंपाकघरासाठी पैसे वेगळे काढा. जोडणीचाही विचार करा: डच इंडक्शन शेगडीच्या पाच पिनांचा गोल प्लग जर्मन भिंतीत बसत नाही, तिथे उघड्या तारा भिंतीतल्या खोक्यात इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्याव्या लागतात. रेडिओ-टीव्ही शुल्क, महिना १८.३६ युरो, प्रत्येक घराला लागतं, टीव्ही नसला तरी. पत्राला उत्तर न देता बसलात तर थकबाकी साचते. रविवारी दुकानं बंद, काचेच्या बाटल्या टाकणं बंद, ड्रिल बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणा. पाकिटात वीस-तीस युरो रोख ठेवा. हॉटेलात बिल देताना टीप टेबलावर ठेवायची नसते: बिल २७.४० असेल तर पैसे पुढे करताना ‘तीस’ म्हणायचं.